जैतापूर प्रकल्प: अणुवीज कार्बनच्या हिशेबात बसते, बाकीच्या हिशेबांचे काय?

प्रश्न – सड्यावरचा

नमस्कार. माझे मूळ गाव राजापूर तालुक्यात, माडबनच्या सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, जरा अलीकडे आहे आणि पोटापाण्यासाठी राहणे डोंबिवलीत आहे. म्हणजे मी पक्का चाकरमानी. जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाला नोव्हेंबर २०१० मध्ये ३५ अटींसह पर्यावरण मंजुरी मिळाली, पुढच्याच महिन्यात फ्रान्सबरोबर करार झाले, मार्च २०११ मध्ये फुकुशिमा घडले आणि एप्रिलमध्ये आमच्या भागात आंदोलकांवर गोळीबार होऊन एका मच्छीमाराचा जीव गेला. त्यानंतर सहा अणुभट्ट्यांचा, ९९०० मेगावॅटचा हा प्रकल्प कागदावर जिवंत आहे आणि सड्यावर मात्र कुंपणाच्या भिंतीपलीकडे फारसे काही उभे राहिलेले नाही.

तेव्हा गावात विरोध हा जवळजवळ एकमुखी होता. आता गणपतीला घरी गेल्यावर वेगळे ऐकू येते. कॉलेजात जाणारी मुले म्हणतात की कोळसा बंद करायचा असेल तर अणुवीज लागणारच, आणि केंद्र सरकारनेही २०२५ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुविजेचे उद्दिष्ट जाहीर केले आहे. वडीलधारी मंडळी म्हणतात की धूर दिसत नाही म्हणून धोका नाही असे कुणी सांगितले. मला दोघांचेही पटते आणि म्हणूनच काहीच ठरवता येत नाही. युरेनियमच्या खाणीपासून मोजले तरी ही वीज खरोखर कमी कार्बनची ठरते का, कचऱ्याचे आणि अपघाताचे भय कितपत खरे आहे, आणि सौरवीज इतकी स्वस्त झालेली असताना हा खटाटोप करावा का, याविषयी जाणकारांनी लिहावे. दोन्ही बाजूंच्या घोषणा मला तोंडपाठ आहेत, त्यामुळे त्या वगळल्या तर आभारी राहीन.

प्रतिसाद – जुना तारापूरकर

माझी नोकरीची बहुतेक वर्षे वीजकेंद्रांच्या देखभाल विभागात गेली, त्यामुळे माझे माप कुणीकडे झुकते हे आधीच सांगून टाकतो. वाचताना तेवढे वजा करावे.

कार्बनच्या मुद्द्यावर वाद घालण्यासारखे आता फारसे उरलेले नाही. आयपीसीसीने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीने, २०१४ च्या अहवालात खाणकाम, सिमेंट, पोलाद, वाहतूक आणि शेवटी केंद्र मोडीत काढणे हे सगळे धरून जे मध्यक आकडे दिले, त्यांत एका युनिटमागे कोळशाचे ८२० ग्रॅम, नैसर्गिक वायूचे ४९०, मोठ्या सौर प्रकल्पांचे ४८, अणुविजेचे १२ आणि जमिनीवरील पवनचक्क्यांचे ११ ग्रॅम आहेत. सौर पॅनेल त्यानंतर बरेच सुधारले, तेव्हा त्यांचा आकडा आज आणखी खाली आला असणार. आपल्याकडचे युरेनियमचे खनिज, मग ते झारखंडातील जादुगुडाचे असो की आंध्रातील तुम्मलपल्लेचे, फार हलक्या प्रतीचे आहे आणि तितक्याच युरेनियमसाठी अधिक दगड फोडावा लागतो. म्हणून भारतापुरता तो १२ चा आकडा दुप्पट किंवा तिप्पट धरला तरी कोळशाच्या जवळपासही तो पोचत नाही.

इंधनाचे वजन पाहिले की फरक अधिक ठळकपणे लक्षात येतो. गुजरातेत काक्रापारला ७०० मेगावॅटचे दोन स्वदेशी संच आहेत. तेवढ्याच क्षमतेचा कोळशाचा संच पूर्ण भाराने चालवायचा तर, युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम आपला राखेरी कोळसा धरून, दिवसाला साडेअकरा-बारा हजार टन, म्हणजे मालगाडीच्या तीन भरलेल्या रेक लागतात आणि त्यातला तिसरा हिस्सा राख म्हणून मागे उरतो. चंद्रपूरकरांना हे सांगण्याची गरज नाही. काक्रापारच्या भट्टीला त्याच कामासाठी दिवसाला साधारण ३०० किलो नैसर्गिक युरेनियम पुरते. हे इंधन अर्ध्या मीटर लांबीच्या बंडलांच्या रूपात असते. भट्टीच्या ३९२ आडव्या नळ्यांमध्ये ती ओळीने बसवलेली असतात, आणि संच चालू असतानाच नळीच्या एका टोकाला जोडलेले यंत्र ताजी बंडले आत सारते व दुसऱ्या टोकाचे यंत्र वापरलेली बंडले काढून घेते. यासाठी शटडाऊन घ्यावा लागत नाही. कर्नाटकातील कैगा केंद्राचा २२० मेगावॅटचा पहिला संच डिसेंबर २०१८ पर्यंत सलग ९६२ दिवस चालला आणि तो त्या वेळी जागतिक विक्रम ठरला, त्यामागे ही रचना आहे.

आता कचरा. वापरलेले बंडल बाहेर येते तेव्हा ते अतिशय तप्त आणि तीव्र किरणोत्सर्गी असते, म्हणून ते आधी काही वर्षे पाण्याच्या खोल टाकीत ठेवतात. त्यानंतर आपल्याकडे ते फेकून देत नाहीत. तारापूरच्या पुनर्प्रक्रिया केंद्रात ते नायट्रिक आम्लात विरघळवून त्यातले युरेनियम आणि प्लुटोनियम वेगळे काढतात, आणि उरलेला जहाल द्राव बोरोसिलिकेट काचेत वितळवून पोलादी डब्यांत ओततात. हे डबे हवेने थंड राहणाऱ्या तळघरात ठेवले जातात. आकारमान खरोखर लहान असते. पण लहान म्हणजे संपले असे नव्हे, हेही मान्य करायला हवे. सीझियमची तीव्रता निम्मी व्हायला ३० वर्षे लागतात, इतर काही द्रव्यांना हजारो. फिनलंडने ओन्कालो येथे चारशेहून अधिक मीटर खोल खडकात कायमची जागा खोदली आहे. आपल्याकडे अशी जागा अद्याप नाही.

अपघाताच्या भीतीबद्दल माझे मत बरेच जण मानणार नाहीत. प्रति युनिट मृत्यूंचा हिशेब जेव्हा जेव्हा झाला, तेव्हा कोळशाच्या धुराने होणारे अकाली मृत्यू अणुविजेच्या काही शे पट निघाले, आणि त्यात चेर्नोबिल धरलेले होते. फुकुशिमात किरणोत्सर्गाने झालेला म्हणून जपान सरकारने मान्य केलेला मृत्यू एका कामगाराचा आहे; मात्र घाईघाईच्या स्थलांतरात, दवाखान्यांतून हलवलेल्या वृद्धांचे वगैरे जे मृत्यू झाले ते दोन हजारांच्या वर आहेत. तिथली संरक्षक भिंत ५.७ मीटरच्या लाटेसाठी आखलेली होती आणि लाट १४ मीटरच्या आसपास आली. माडबनचा सडा समुद्रसपाटीपासून वीस-पंचवीस मीटर उंचावर आहे, तेव्हा नेमका तोच अपघात तिथे होणे अवघड. शिवाय मुंबईकर १९५६ पासून, अप्सरा ही संशोधन अणुभट्टी सुरू झाल्यापासून, ट्रॉम्बेच्या अणुभट्ट्यांच्या शेजारी राहतात आणि याची आठवण त्यांना क्वचितच होते.

प्रतिसाद – खाडीकाठ

तारापूरकर काकांनी नेटके लिहिले आहे, पण त्यांच्या हिशेबात समुद्र आलाच नाही. माझे माहेर राजापूरच्या खाडीकाठी आहे, घरात मासेमारी आहे आणि माझे शिक्षण मत्स्यशास्त्रातले आहे, म्हणून ती बाजू मी मांडते.

जैतापूरसाठी ठरलेली ईपीआर या फ्रेंच जातीची भट्टी सुमारे ४५९० मेगावॅट उष्णता निर्माण करते आणि त्यातून वीज मिळते १६५० मेगावॅट. उरलेली जवळजवळ २९०० मेगावॅट उष्णता वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरमधून जाणाऱ्या समुद्राच्या पाण्याबरोबर समुद्रातच जाते. सहा भट्ट्यांची मिळून ती साडेसतरा हजार मेगावॅट होते. ही एकट्या अणुविजेची खोड नाही, जयगडच्या कोळसा केंद्रालाही थंड व्हायला पाणी लागते; पण कोळशाच्या केंद्रात उष्णतेचा काही भाग चिमणीतून वर जातो आणि वाफेचे तापमान अधिक असल्याने तेवढ्याच विजेसाठी वाया जाणारी उष्णताही कमी असते. अणुकेंद्रात ती जवळजवळ सगळी पाण्यातच उतरते. शिवाय एवढे पाणी आत खेचताना त्याबरोबर माशांची अंडी, पिल्ले आणि कोळंबीचे बारीक जीवही खेचले जातात. जाळ्या मोठ्या माशाला अडवतात, त्या बारीक जिवांना नाही.

आता याचा बांगडा-तारलीवर नेमका किती परिणाम होईल? मोकळ्या समुद्रात, मोसमी प्रवाहात तापलेले पाणी लवकर मिसळते आणि काही किलोमीटरपलीकडे फरक मोजणेही कठीण होते, हे मला मान्य आहे. तारली तशीही आपल्या मर्जीने येते नि जाते, तिच्या चढउताराचे खापर केंद्रावर फोडणे सोपे आणि सिद्ध करणे अवघड. परंतु साखरी नाटे गावातल्या छोट्या होडीवाल्याला हे "काही किलोमीटर" म्हणजेच त्याचा समुद्र असतो. ट्रॉलरवाला वीस वाव खोल पाण्यात जाईल. ज्याच्याकडे बिनइंजिनाची होडी किंवा लहान मशीन आहे तो कुठे जाणार? त्यात केंद्रासमोरच्या पाण्यात सुरक्षेसाठी मासेमारीला मनाई येते. मासा मेला नाही तरी जाळे टाकायची जागा जाते, आणि नुकसानभरपाईची भाषा सगळी सातबाराभोवती फिरत असल्याने ज्याच्या नावावर जमीनच नाही अशा मच्छीमाराचे नाव कुठल्याच यादीत येत नाही.

बाजाराचे तर आणखी वेगळे. ऑगस्ट २०२३ मध्ये जपानने फुकुशिमाचे प्रक्रिया केलेले, ट्रिटियम (किरणोत्सर्गी हायड्रोजन) असलेले पाणी समुद्रात सोडायला सुरुवात केली. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने मानवी आरोग्यावर परिणाम नगण्य राहील असे म्हटले होते, तरीही चीनने जपानची सगळी मासळी घेणे त्याच दिवशी थांबवले. आमची कोळंबी आणि म्हाकूल निर्यातीला जाते. एखाद्या दिवशी केंद्रात किरकोळ गळती झाली, समुद्रात थेंबही गेला नाही, तरी बंदरावर व्यापारी त्या दिवशी काय भाव देईल याचे उत्तर कोणत्याही पर्यावरण अहवालात नसते.

आणि जाता जाता, सड्याला सरकारी कागदात पडीक म्हणतात, ते वाचून मला दर वेळी राग येतो. पावसाळ्यात तिथे गुरे चरतात, नाचणी-वरी होते, कातळावर फुलांचा गालिचा असतो. ९३८ हेक्टर पडीक असे एकदा लिहिले की मग मोबदल्याचे गणितही पडीक जमिनीचेच होते.

प्रतिसाद – युनिटमागे पैसे

माझे काम वीजखरेदीशी संबंधित आहे, म्हणून सड्यावरचे यांच्या तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो. माझ्या मते खरा पेच तिथेच आहे. किरणोत्सर्गाच्या चर्चेत तो नेहमी झाकला जातो.

सौरविजेचे लिलाव आज युनिटला अडीच रुपयांच्या आसपास जातात. कोणतेही नवे अणुकेंद्र या दराने वीज देऊ शकत नाही. पण ही वीज दुपारची आहे आणि महाराष्ट्राची मागणी सूर्य मावळला म्हणून ओसरत नाही. संध्याकाळी सातला मुंबई-पुण्यात दिवे, पंखे, वातानुकूलन यंत्रे आणि लोकल एकदम विजेवर येतात. तेव्हा तुलना करायची तर ती साठवणीसह सौरवीज आणि अणुवीज यांची करावी. बॅटऱ्या झपाट्याने स्वस्त होत आहेत, आणि सह्याद्रीच्या उतारामुळे आपल्याला आणखी एक सोय आहे: दुपारी पाणी वर चढवायचे आणि रात्री खाली सोडायचे. घाटघरला २५० मेगावॅटचे असे केंद्र कित्येक वर्षे चालू आहे. चार-सहा तासांची गरज यातून भागते. जुलै-ऑगस्टमध्ये आठवडाभर आभाळ गच्च असते तेव्हा मात्र यातले काहीच पुरत नाही, आणि तिथे आज कोळसाच कामाला येतो.

जागेचेही गणित करून पाहिले. ९९०० मेगावॅटचे केंद्र ८० टक्के भारांकाने, म्हणजे सरासरी क्षमतेच्या ८० टक्के, चालले तर वर्षाला सुमारे ६९ अब्ज युनिट होतात. तेवढ्यासाठी २० टक्के भारांकाचे जवळजवळ ४० हजार मेगावॅट सौर पॅनेल लागतील आणि मेगावॅटला साडेचार एकर धरले तर सुमारे ७० हजार हेक्टर जमीन. खाडीकाठ ताईंचा ९३८ हेक्टरांबद्दलचा राग रास्त आहे, पण सौरविजेसाठी जमीन लागत नाही असा समज करून घेऊ नये. राजस्थानात आणि कर्नाटकात तोच वाद वेगळ्या रूपात चालू आहे.

इथपर्यंत अणुविजेची बाजू वरचढ वाटेल. आता भांडवल पाहू. मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७०० मेगावॅटच्या दहा स्वदेशी संचांना एकगठ्ठा मंजुरी दिली, तेव्हा अंदाजे खर्च १ लाख ५ हजार कोटी सांगितला गेला होता, म्हणजे मेगावॅटला १५ कोटी. सौर प्रकल्पाला चार-साडेचार कोटी लागतात, परंतु मेगावॅटमागे तो अणुकेंद्राच्या पाव हिस्साच वीज देतो, म्हणून तेवढ्याच युनिटांसाठी तिथेही १६ ते १८ कोटी होतात. भांडवलात फारसा फरक नाही! फरक पडतो तो वेळेमुळे. सौर प्रकल्प दीड-दोन वर्षांत वीज विकू लागतो. काक्रापारच्या तिसऱ्या-चौथ्या संचाचे काँक्रीट २०१० च्या अखेरीस पडले आणि व्यावसायिक वीज मिळाली ती २०२३ व २०२४ मध्ये. या सगळ्या काळात गुंतलेल्या पैशावर व्याज चढत राहते आणि ते शेवटी आपल्या बिलात येते.

जैतापूरची भट्टी तर स्वदेशी नाहीच. फ्रान्समध्ये फ्लामानविल येथे याच ईपीआर भट्टीचे काम २००७ मध्ये सुरू झाले, तेव्हा अंदाज होता ३.३ अब्ज युरो. ती ग्रीडला जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये, आणि बांधकामाचाच खर्च, व्याज सोडून, १३.२ अब्ज युरोंवर गेला होता. तेव्हाच्या विनिमय दराने रुपयांत तो १ लाख १५ हजार ते १ लाख २५ हजार कोटी भरत होता. म्हणजे दहा स्वदेशी संचांच्या मंजूर अंदाजाएवढ्या पैशात फ्रेंचांची एक भट्टी झाली. फिनलंडमधील ओल्किलुओतोची भट्टी २००५ मध्ये सुरू करून नियमित उत्पादनाला २०२३ उजाडले. चीनने ताइशानला याच जातीच्या दोन भट्ट्या पुष्कळ लवकर उभ्या केल्या, हेही खरे. पण चीनच्या वेगाने आपल्याकडे भूसंपादनसुद्धा होत नाही. जैतापूर रखडले ते केवळ आंदोलनामुळे, असे जे सांगितले जाते ते मला पटत नाही. दर परवडेल असा करार झाला असता तर सरकार थांबले नसते.

म्हणून माझे मत असे आहे की अणुवीज हवी, स्वदेशी ७०० मेगावॅटच्या एकसारख्या संचांची हवी, एकामागून एक बांधलेली हवी आणि जिथे आधीच केंद्र आहे तिथे आधी वाढवलेली हवी. जैतापूरला सहा फ्रेंच भट्ट्या हा या पर्यायांतला सर्वांत महागडा आणि सर्वांत उशिराचा पर्याय आहे. कोळसा हटवण्याची जर खरोखर घाई असेल, तर पंधरा वर्षांनी येणारी वीज त्या घाईत बसत नाही.

सड्यावरचा

सगळ्यांचे मनापासून आभार. तारापूरकर काका, तुमचे झुकते माप वजा करूनही बरेच उरले. ताई, तुम्ही लिहिलेला भावाचा मुद्दा गावातल्या कुठल्याही सभेत इतका स्पष्ट ऐकला नव्हता.

एक गोष्ट राहून गेली. अपघात दुर्मीळ आहे हे मान्य केले, तरी झालाच तर पैसे कोण देणार? मध्यंतरी कायदा बदलला असे वाचले. आणि केंद्राचे आयुष्य संपल्यावर ते मोडीत काढण्याचा खर्च कुणाच्या माथी असतो?

प्रतिसाद – वकिली चष्मा

मी या विषयातला तज्ज्ञ वकील नाही, पण कायदा वाचलेला आहे. २०१० च्या अणुअपघात दायित्व कायद्याने केंद्र चालवणाऱ्यावर दोष सिद्ध न करताही भरपाईची जबाबदारी टाकली होती, मात्र तिला १५०० कोटींची मर्यादा घातली होती. त्यावरची काही रक्कम सरकारने द्यायची होती. त्या कायद्यातले कलम १७ (ब) वेगळे होते: यंत्रसामग्री सदोष निघाली तर चालवणाऱ्याला पुरवठादाराकडून वसुली करता येत असे. भोपाळचा अनुभव ताजा असल्याने संसदेने ते आग्रहाने घातले होते आणि नेमक्या त्याच कलमामुळे फ्रेंच आणि अमेरिकी कंपन्या पाऊल मागे घेत राहिल्या. डिसेंबर २०२५ मध्ये शांती या संक्षिप्त नावाचा जो नवा कायदा आला, त्याने १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा हा कायदा असे दोन्ही बाजूला सारले. खासगी कंपन्यांना दार उघडले आणि सदोष सामग्रीबद्दल पुरवठादाराकडून वसुलीचा तो आपोआप मिळणारा हक्क काढून टाकला. करारात लिहून घेतले असेल तरच आता मागता येईल.

मर्यादा किती असावी हा आकड्यांचा वाद नाही असे काहींना वाटते, म्हणून एकच आकडा देतो. फुकुशिमाच्या विस्थापितांना आणि व्यावसायिकांना आजवर दिली गेलेली भरपाई १० लाख कोटी येनच्या वर, म्हणजे पाच लाख कोटी रुपयांहून अधिक आहे. तिच्यापुढे २०१० च्या कायद्यातले आपले १५०० कोटी कुठे बसत होते ते प्रत्येकाने पाहावे. उरलेली जोखीम अर्थातच सरकार, म्हणजे करदाते, आणि ज्यांना भरपाई कमी मिळेल ते लोक उचलतात. अणुविजेच्या दरात ही जोखीम धरलेली नसते. कोळशाच्या दरातही फुप्फुसांच्या आजारांचा खर्च धरलेला नसतो, असे तारापूरकर काका म्हणतील आणि ते बरोबरच आहे. पण एका विजेचा लपवलेला खर्च दुसऱ्या विजेच्या लपवलेल्या खर्चाने फिटत नाही.

मोडीत काढण्यासाठी ग्राहकाकडून युनिटमागे २ पैसे घेतले जातात. हा आकार १९९१ मध्ये ठरला. २०१२ मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगने, अणुऊर्जा नियामक मंडळावर जो अहवाल दिला त्यात या तुटपुंज्या तरतुदीवर आणि मंडळाला स्वायत्त कायदेशीर दर्जा नसण्यावर स्पष्ट ताशेरे होते. दर्जाचा प्रश्न नव्या कायद्याने सोडवला आहे. प्रत्यक्ष स्वायत्तता किती, हे पहिल्या मोठ्या संचाला परवानगी नाकारायची वेळ येईल तेव्हा कळेल.

प्रतिसाद – जुना तारापूरकर

वकीलसाहेबांनी माझ्या तोंडचे वाक्य आधीच लिहून टाकले, ठीक आहे.

पुरवठादाराच्या बाबतीत मात्र मी त्यांच्या बाजूचा आहे. तारापूरचे पहिले दोन संच जनरल इलेक्ट्रिकचे, १९६९ मध्ये सुरू झालेले. अमेरिकेशी १९६३ च्या करारात समृद्ध युरेनियम तीस वर्षे पुरवण्याचे कबूल झाले होते. १९७४ च्या पोखरणनंतर अमेरिकेने हात आखडता घेतला, मग फ्रान्सकडे, पुढे चीनकडे आणि रशियाकडे इंधनासाठी जावे लागले. संच २१० मेगावॅटचे होते ते १६० वर आणावे लागले. तरीही आपल्या माणसांनी, मूळ उत्पादकाची मदत नसताना, ते पन्नास वर्षे चालवले आणि २०२० मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवले. परदेशी भट्टी घेणे म्हणजे साठ वर्षे कुणाच्या तरी मर्जीवर राहणे, हे आम्ही तिथे शिकलो. "युनिटमागे पैसे" यांनी स्वदेशी संचांचा जो आग्रह धरला त्याला माझा दुजोरा या कारणाने आहे, दराच्या कारणाने नंतर.

गावाच्या दृष्टीने एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. केंद्राभोवती एक-दीड किलोमीटरपर्यंत वस्तीच राहत नाही, पाच किलोमीटरपर्यंत वस्तीच्या वाढीवर नियंत्रण असते आणि आणीबाणीच्या नियोजनाचे क्षेत्र सोळा किलोमीटरपर्यंत जाते. या सोळा किलोमीटरांत तुमचे गाव बसत असेल, तर पावसाळ्यात दरड कोसळून घाटरस्ता बंद असताना बसगाड्या कुठून येणार, आयोडीनच्या गोळ्या कुठल्या आरोग्य केंद्रात ठेवलेल्या असतील, कवायत वर्षातून किती वेळा होईल, हे लेखी विचारावे. आम्हा आतल्या माणसांना हे प्रश्न कधी त्रासदायक वाटले नाहीत. त्रास होई तो, कुणी विचारलेच नाही की.

प्रतिसाद – खाडीकाठ

त्याला एक पुरवणी जोडते. केंद्राचा पहिला दगड बसण्याआधी निदान पाच मोसमांची मासळीची नोंद बंदरावर, गावातल्या लोकांना सोबत घेऊन, व्हायला हवी: कोणत्या होडीने, किती वाव पाण्यात, कोणती मासळी, किती किलो. ही नोंद आधी नसेल तर पुढे काही घटले किंवा वाढले तरी कुणालाच काही सिद्ध करता येणार नाही, ना प्रकल्पाला ना आम्हाला. जैतापूर होवो अथवा न होवो, ही वही आजपासून सुरू करता येते आणि तिला कुणाच्या मंजुरीची गरज नाही. सड्यावरचे दादा, पुढच्या खेपेस गावी याल तेव्हा साखरी नाटे गावच्या मच्छीमार सोसायटीकडे हा विषय काढता आला तर पाहा. नोंदीचा तक्ता मी तयार करून देते.